डायरी ॲपमधून बाहेर कशी काढाल?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

डिजिटल डायरीच्या ॲपची ओळख करून देताना त्यातल्या रंगांचे आणि मूड नोंदवायच्या चिन्हांचेच कौतुक फार होते. रोज लिहिणाऱ्याने मात्र आधी हे विचारावे, की लिहिलेले उद्या बाहेर काढता येईल का? ईमेलवर चालणारी ‘ओहलाइफ’ ही डायरी-सेवा २०१४ मध्ये बंद झाली. सेवा बंद पडतात. डायरी तीस वर्षांनीही उघडता आली पाहिजे.

म्हणून ॲप पक्के करण्याआधी त्यात आठवडाभर लिहावे, दोन-चार फोटो जोडावेत. मग ‘एक्स्पोर्ट’ करून, म्हणजे सगळ्या नोंदी फाइलच्या रूपात बाहेर काढून, ती फाइल संगणकावर, त्या ॲपशिवाय उघडून पाहावी. नुसती पीडीएफ मिळत असेल तर ते ॲप सरळ सोडून द्यावे. पीडीएफ छापायला ठीक. पण ती दुसऱ्या ॲपमध्ये नीट भरता येत नाही, आणि कित्येकदा तिच्यात जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या सुट्या पडतात. साधा मजकूर, मार्कडाउन (साध्या खुणा घातलेला मजकूर) किंवा जेसन (इतर ॲपना वाचता येईल अशा मांडणीची मजकूर-फाइल) यांपैकी काहीतरी हवेच. कोणता फोटो कोणत्या नोंदीचा, हेही त्यातून कळले पाहिजे.

मराठीत लिहिणाऱ्यांनी शोध जरूर तपासावा. ‘पायऱ्या’ हा शब्द फोनवर लिहा आणि संगणकावरून टाइप करून शोधा. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. काही साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण ॲपने ही सोय केलेली नसेल तर त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. मग जुनी नोंद असूनही सापडत नाही.

सिंक (सगळ्या उपकरणांवर नोंदी आपोआप सारख्या ठेवणे) म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर चुकून पुसलेली नोंद सिंक होताच टॅबवरूनही जाते. महिन्यातून एकदा एक्स्पोर्टची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. या फाइलला बहुधा कुलूप नसते, तेव्हा ती कोणाच्याही हाती लागेल अशी ठेवू नये. ॲपचा पिन फक्त फोन हातात घेणाऱ्याला अडवतो. सर्व्हरवरचा मजकूर कंपनीलाही वाचता येऊ नये, असे वाटत असेल तर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे फक्त आपल्याच किल्लीने उघडणारे सांकेतिक कुलूप, लागते. त्याची किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. ती हरवली, की सहसा कंपनीलाही डायरी उघडून देता येत नाही.

आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर अशा ॲपची माहिती देताना एक्स्पोर्ट कोणत्या स्वरूपात मिळतो आणि मराठी शोध चालतो का, एवढे दोन ओळींत जरूर छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक