पश्चिमेच्या गळक्या खिडक्या आणि घराकडे उतरणारा पॅटिओ : तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्री व सेवा विभाग,
बेळगाव शोरूम

विषय : बदलून बसवलेल्या खिडक्या व मागच्या अंगणातला पॅटिओ (मागच्या दाराबाहेरची फरसबंद जागा) यांतले दोष दूर करून देण्याबाबत.

महोदय,

आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटी सोडून कणकुंबीकडे जाताना लागतं. मलप्रभेच्या उगमाकडचा पाऊस कसा असतो हे बेळगावात दुकान मांडलेल्या माणसाला सांगावं लागू नये. पण आपल्या कामावरून ते सांगायची वेळ आली आहे.

एप्रिलच्या उन्हात आपला माणूस माप घ्यायला आला. रुंदी-उंची लिहून घेतली, रंगाचे नमुने दाखवले, चहा घेतला आणि गेला. झड कुठल्या अंगाने येते, छज्जा किती पुढे आहे, पागोळ्या कुठे पडतात, यातलं त्याने काहीच विचारलं नाही. सासूबाईंनी आपणहून सांगितलं, "बाबा, पश्चिमेच्या दोन खिडक्यांना आम्ही पावसाळाभर ताडपत्री बांधतो." त्यावर, "आता नाही बांधावी लागणार, आजी," असं तो म्हणाला. यंदा मृगातच ती ताडपत्री माळ्यावरून खाली काढली.

आमच्या जुन्या सागवानी चौकटींना वाळवी लागली होती आणि पावसात फुगून झडपा लागत नव्हत्या, म्हणून यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटींच्या, सहा खिडक्या घेतल्या. उत्तर-पूर्वेकडच्या चार खिडक्यांवर वाऱ्याचा मारा नाही, त्यांचं निभावलं आहे. तक्रार पश्चिमेच्या दोन खिडक्यांची आहे. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये थोडं पाणी येणारच, ते मी समजू शकते. ते निघून जावं म्हणून चौकटीला बाहेरच्या अंगाने खाचा पाडलेल्या असतात. आपल्या फिटरने कडेने सिलिकॉन मारताना या खाचाही लिंपून टाकल्या. काम दिसायला अगदी साफ! मी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. बाहेर थेंब पडला नाही. पाणी चढत चढत आतल्या काठावर आलं आणि भिंतीवरून खाली उतरलं, जिथे सासूबाईंची खाट असते. खाट आता माजघरात आहे.

आमच्या गवंड्याने आधी फोटो काढून मग एका खिडकीच्या खाचा ब्लेडने मोकळ्या केल्या. (ग्राहकाने छेडछाड केली, असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून फोटो सोबत जोडले आहेत. दुसऱ्या खिडकीला हात लावलेला नाही.) ट्रॅकमधलं पाणी जाऊ लागलं, पण वारा सुटला की दोन झडपांच्या मधल्या ब्रशच्या पट्टीतून फवारा आत येतोच. म्हणजे दोष एकट्या सिलिकॉनचा नाही. वाऱ्याच्या तोंडावर सरकती खिडकी द्यायचीच नव्हती. दारासारखी उघडणारी, लावल्यावर चारी बाजूंनी रबरावर दाबून बसणारी केसमेंट खिडकी तिथे हवी होती. ती आपल्याच कॅटलॉगात आहे. तिला ग्रिल आतल्या बाजूने घ्यावं लागलं असतं, खर्च थोडा वाढला असता. तो आम्ही दिला असता. विचारायला तर हवं होतं!

पॅटिओची गोष्ट याहून वाईट. शोरूममधल्या फोटोत घरातली फरशी आणि बाहेरची फरशी एका पातळीत, मधे पायरी नाही, असं छान दिसतं. तेच आमच्या मागच्या दाराला करून दिलं. आधी तिथे अंगण उंबऱ्यापेक्षा चांगली वीतभर खाली होतं. आता फरशी उंबऱ्याला येऊन भिडली आहे आणि जोतं तिच्याखाली गेलं आहे. शिवाय उतार उलटा. बाहेरच्या फरशीला दहा फुटांत दीड-दोन इंचांचा उतार घरापासून लांब जाणारा हवा, हे आमच्याकडचा नवशिका गवंडीही सांगेल. इथे मध्यावर बादली ओतली की पाणी सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीकडे येतं. भिंत चिऱ्याची. चिरा पाणी पितो. तरण्या पावसात भिंतीला ओल धरली आणि म्हाताऱ्या पावसापर्यंत आतल्या गिलाव्याचे पोपडे सुटायला लागले.

फरशीही ठरली ती नाही. कोटेशनमध्ये 'मॅट, अँटी-स्किड' असं लिहिलं आहे. बसवली ती गुळगुळीत, चकाकणारी. शेवाळ धरल्यावर तिच्यावरून भांड्यांची पाटी घेऊन चालणं म्हणजे कसरत. सध्या आम्ही तिच्यावर गोणपाट टाकून ये-जा करतो.

आता आपल्या सुपरवायझरच्या उत्तराविषयी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवल्यावर आधी "पावसाळ्यात थोडंफार असं होतंच" असं आलं. नंतर वॉरंटी कार्डावरचं कलम आलं : वादळी पाऊस ही नैसर्गिक आपत्ती, ती वॉरंटीत बसत नाही. आषाढात जांबोटीला पाऊस पडणं ही आपत्ती धरायची, तर या भागात आपण खिडक्या विकता तरी कशाला? बरं, खाचा बुजवल्या त्या आपत्तीने नव्हे, आपल्या माणसाने.

माझं मागणं पैसे परत द्या असं नाही. पश्चिमेच्या दोन सरकत्या खिडक्या काढून तिथे केसमेंट खिडक्या बसवून द्याव्यात. राहिलेल्या चारही खिडक्यांच्या खाचा तपासून मोकळ्या कराव्यात. पॅटिओ उखडून उंबऱ्यापासून किमान सहा इंच खाली, घरापासून लांब उतार देऊन, कोटेशनमध्ये लिहिलेल्या फरशीनेच पुन्हा करावा. भिंत वाळल्यावर त्या बाजूचा गिलावा करून द्यावा. सरकत्या आणि केसमेंट खिडक्यांच्या किमतीतला फरक बिलाप्रमाणे आम्ही देऊ, बाकीचा खर्च आपला. १ लाख ४८ हजारांपैकी १ लाख ३० हजार आपल्याला पोचले आहेत. उरलेले १८ हजार काम पुरं झाल्यावरच मिळतील, त्यासाठी वसुलीचे फोन करू नयेत.

खिडक्यांचं काम पाऊस असतानाच व्हावं, म्हणजे त्या गळतात की नाही ते तिथल्या तिथे कळेल. फरशीला मात्र दसऱ्यानंतर हात लावा. ओल्यात केलेलं काम पुन्हा नको.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पाहणीची तारीख लेखी कळवावी. तसं न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागेन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे मी विचारून घेतलं आहे.

पाहणीला माप घेणारा आणि फिटर, दोघांनाही पाठवा. ते कन्नडमध्ये बोलले तरी चालेल, आम्हाला समजतं. आणि येताना पातळी तपासायची लेव्हल ट्यूब आणायला सांगा, मागच्या वेळी ती कुणाच्याच हातात दिसली नव्हती.

आपली,
(सही)
ग्राहक, खानापूर तालुका

सोबत : कोटेशन व बिलाची प्रत, वॉरंटी कार्डाची प्रत, खिडक्या, फरशी व भिंतीचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणाची छापील प्रत.