चारशेवीसचं तीनशे अठरा झालं

नाशिक,
डिसेंबर २०२५

प्रिय बाळ्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "या वयात एम.ए. करून काय मिळालं, एक फीत तरी वाढली का?" असं विचारून वर खदाखदा हसलास. नाही वाढली. पण दोन वर्षं मी काय करत होतो ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

विषय फौजदारी न्याय प्रशासन. चार सत्रं, सगळं ऑनलाइन. त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी, गोवर्धनला मुक्त विद्यापीठ, आणि मी हवालदार पठ्ठ्या शिकत होतो सीबीएस बस स्थानकाजवळच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, मोबाईलवर. एका कानात प्राध्यापक, दुसरा कान पुकाऱ्याकडे. गृहपाठ साप्ताहिक सुट्टीला. बंदोबस्त लागला की तीही गेली. परीक्षेत लॅपटॉपचा कॅमेरा आपल्यावर रोखलेला असतो, मान वळवली तरी इशारा. पहिल्याच पेपरला आईने मागून येऊन चहा ठेवला आणि स्क्रीनवर लाल पट्टी झळकली. इतकी वर्षं आरोपींना पिंजऱ्यात उभं करतोय, त्या दिवशी मीच उभा राहिल्यासारखं वाटलं.

खरी पंचाईत मधेच झाली. १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले. १८६० पासूनचं भादंवि, म्हणजे भारतीय दंड विधान, गेलं, भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं कलम ३०२ आता १०३, खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ आता १०९. पहिल्या वर्षाच्या माझ्या नोट्स रद्दीत. आणि फसवणुकीचं ४२० झालं ३१८! म्हणजे तुला चारशेवीस म्हणायचीही सोय राहिली नाही. "लेका, तीनशे अठरा आहेस" याला काय धार आहे?

आकडे काय, पाठ होतात. माझी झोप उडवली ती एका कलमाने. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९. तिच्या आधीच्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, ते ४३६-अ होतं: खटला चालू असताना कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडायचं. नव्यात, आधी कधीच दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे नाही, अंगावर एकाहून जास्त केसेस असल्या तरी नाही. कोर्टाकडे अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, जुन्या केसेसनाही हे लागू.

आता माझं काम तुला ठाऊक आहे. पैरवी हवालदार. समन्स बजावा, साक्षीदार उभे करा, शिक्षा लागेल ते बघा. आरोपी किती दिवस आत आहे हे मोजणं माझ्या कामात कधी बसलंच नाही. पोलीस दोषारोपपत्र देऊन मोकळे, कोर्ट तारीख देऊन, तुरुंग जेवण देऊन. माणूस मधल्या मधे, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकणाऱ्या फाइलसारखा. हे मी रोज बघत होतो, पण दिसलं मात्र प्रबंधासाठी तारखांची वही उघडली तेव्हा.

वहीत एक पोरगा सापडला. मोटारसायकल चोरी, पहिलीच केस, कमाल शिक्षा तीन वर्षं. हा चौदा महिने आत. जामीन केव्हाच मंजूर झालेला, पण जामीनदार कोण देणार? मी दोनदा बोटं मोजली. मग मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना गाठलं. अर्ज झाला, पोरगा जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटला.

ठाण्यात कळल्यावर एक वरिष्ठ म्हणाले, "पगार कोणाचा खातोस? तू कोणाच्या बाजूचा?" तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. (तुला माहीतच आहे, मला उत्तरं घरी आल्यावर सुचतात.)

पुढच्याच आठवड्यात तो पोरगा कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटला. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं, वर्दी बघून त्याने विचारलं, "साहेब, माझी पुढची तारीख कधी?" वहीत बघून सांगितली. त्या तारखेला त्याच्याविरुद्धचे दोन साक्षीदार मलाच हजर करायचेत. समन्स काल बजावून आलो.

कुंभमेळ्याच्या बंदोबस्तात अडकायच्या आत एकदा येऊन जा. आई तुझी आठवण काढते.

तुझाच,
मागच्या बाकावरचा