सूचना : वर्षभराच्या रजा आत्ताच ठरवूया

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या सभागृहात बैठक आहे. विषय एकच, रजेचं नियोजन. ज्यांची रजा दरवर्षी शिल्लक राहते त्यांनी तर यावंच.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. एवढा ताण रविवारच्या झोपेने उतरत नाही. शिवाय सुट्टीचा ताजेपणा परतल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून कधीतरी एकच मोठी सहल काढून भागत नाही, ठरावीक अंतराने रजा हवीच.

येताना :
• शिल्लक रजा आणि सोयीच्या तारखा लिहून आणा.
• तुमच्या गैरहजेरीत काम कोण पाहील ते ठरवून या. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

रजेवरच्या सभासदाला कामासाठी फोन करू नये, मेसेजही नको. "फक्त दोन मिनिटं" म्हणून आलेला फोन संपतो, पण त्या दिवशी डोक्यातून काम जात नाही.

येणं जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत सचिवांना कळवा.

– कार्यकारिणी