मुंबईचा पोर्तुगीज काळ 'आंदण दिली' एवढ्यावर संपत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या इतिहासावर कुठेही काही छापून आलं, कुणी भाषण केलं, मुलांनी शाळेचा प्रोजेक्ट करून आणला की सुरुवात ठरलेली, पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदण दिली, आणि तिथून थेट फोर्ट, गोदी, रेल्वे, गिरण्या. त्याच्या आधीची 130 वर्षं कुठे गेली हे कुणी सांगतच नाही. फार तर पोर्तुगीजांनी आणलेल्या पाव, काजू, बटाटा यांची यादी येते, ती खोटी नाही पण गाडी तिथेच थांबते.

1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची ही बेटं पोर्तुगीजांना लिहून दिली, कारण हुमायून त्याच्या मागे लागला होता आणि त्याला दर्यावर जोर असलेलं कुणीतरी बाजूला हवं होतं. आणि दर्यावर तेव्हा जोर कुणाचा होता? पोर्तुगीजांचा. दहा-पंधरा लाख वस्तीचा त्यांचा देश, पण अरबी समुद्रात त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतल्याशिवाय जहाज हाकायची सोय नव्हती, अगदी मक्केच्या यात्रेला जाणाऱ्या मुघलांच्या जहाजालासुद्धा. 1613 साली त्यांनी सुरतेजवळ जहांगीर बादशहाच्या आईचंच रहीमी नावाचं जहाज धरलं होतं, एवढी त्यांची मजल.

बरं, ते आंदणही आपण अर्धवट सांगतो. 1661 च्या करारात पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रागांझाच्या इंग्लंडच्या राजाशी ठरलेल्या लग्नात दिलं ते फक्त मुंबईचं बेट. गोव्यातला त्यांचा व्हाइसरॉय मेलो द कास्त्रो तर तेही द्यायला तयार नव्हता, इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान आपल्या हातून गेला असं समजा, असं त्याने राजाला कळवलं, माहीम त्या बेटात धरायचं की नाही यावरूनही भांडण झालं आणि शेवटी 1665 च्या फेब्रुवारीत इंग्रजांना ताबा मिळाला. पण वांद्रे, अंधेरी, कुर्ला, बोरिवली, ठाणे, वसई हे सगळं पोर्तुगीजांकडेच राहिलं, पुढे मराठ्यांनी घेईपर्यंत. म्हणजे सत्तर-बहात्तर वर्षं माहीमची खाडी ही दोन राज्यांची सरहद्द होती, अलीकडे माहीमचा किल्ला आणि पलीकडे वांद्र्याचा, आणि वेस्टर्नची लोकल माहीम सोडून वांद्र्यात शिरते तेवढ्या दोन-तीन मिनिटांत आपण ती सरहद्द ओलांडतो. हे किती मुंबईकरांना माहीत आहे?

मी बोरिवलीत राहतो, आमच्याकडे मंडपेश्वरची लेणी आहेत. आत नटराजाचं शिल्प आहे, झिजलेलं, हात तुटलेले, आणि तिथेच एका बाजूच्या कातळावर मूळ शिल्पाच्या जागी मोठा क्रॉस कोरलेला आहे, वरच्या अंगाला पोर्तुगीज इमारतीच्या नुसत्या भिंती उभ्या. फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी 1540 च्या दशकात ही शंकराची लेणी ताब्यात घेऊन तिथे चर्च केलं. आज आत पुन्हा पूजा होते आणि बाजूलाच चर्चही भरतं. एवढा सगळा इतिहास एका जागी डोळ्यांनी दिसतो, पण तिथे येणाऱ्या पोरांना तो क्रॉस कुठून आला हे सांगणारं कुणी नाही, मग जो तो आपल्या मनाने काहीही सांगतो आणि त्यातून कडवटपणा वाढतो.

मला पोर्तुगीजांचं कौतुक करायचं नाही. देवळं पाडली, बाटवाबाटवी केली, आफ्रिकेतून माणसं गुलाम करून नेण्यात ते आघाडीवर होते, हे सगळं आलंच पाहिजे. गार्सिया द ऑर्ता नावाचा त्यांचा एक डॉक्टर होता, मुंबईचं बेट त्याला भाडेपट्ट्याने दिलेलं, आज कोटात नौदलाच्या हद्दीत आहे त्या जागी त्याचा वाडा होता. त्याने इथल्या वैद्यांशी बोलून आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, ते 1563 साली गोव्यात छापलं गेलं आणि युरोपभर गाजलं. पण तो मूळचा ज्यू घराण्यातला, तो गेला त्याच्या पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळलं आणि 1580 साली ह्याची हाडं उकरून काढून जाळली. म्हणजे त्यांचा छळ फक्त हिंदूंच्या वाट्याला आला असंही नाही. मुंबईच्या या पहिल्या नामवंत रहिवाशाचं नाव आपल्या पोरांना ठाऊक नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वसईचं बोलायचं तर चिमाजी अप्पांचा 1739 चा विजय आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवा, किती मराठे त्या तटाखाली पडले. शरण आलेल्यांना अप्पांनी मानाने जाऊ दिलं, हेही सांगायला हवं. तिथल्या चर्चच्या घंटा आपण आणल्या, त्या मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आजही आहेत. पण किल्ल्यात आज काय चाललंय? चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांच्यावर उभं राहून प्री-वेडिंगचे फोटो काढतात, बाटल्या पडलेल्या असतात, पावसाळ्यात तर शिळा झाडोऱ्यात दिसतही नाहीत. कोण कुठे पुरलंय, कोणतं चर्च कुणाचं, मराठीत धड एक बोर्ड नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या काळात ख्रिस्ती झालेले लोक इथलेच आहेत. कोळी, कुणबी, भंडारी, वसईचे सामवेदी, घरात मराठीच बोलतात, लग्नात उंबराचं पाणी आणतात, बायका लुगडं नेसतात. 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं, ते गोव्याहून नोकरीला आलेल्यांपासून वेगळं ओळखलं जावं म्हणून. तरी डिसूझा, परेरा ऐकलं की आपण त्यांनाच विचारतो, तुम्ही गोव्याचे का? मुंबईच्या मूळ गाववाल्याला हा प्रश्न विचारणं बरं नाही.

तेव्हा माझी विनंती अशी की मंडपेश्वर, वांद्र्याचा किल्ला, वसई इथे निदान तारखा आणि नावं नीट दिलेले मराठी बोर्ड लागावेत, वसईच्या थडग्यांच्या शिळांभोवती कठडा घालावा आणि वाचता येतात तोवर त्यांच्यावरच्या अक्षरांच्या नोंदी करून घ्याव्यात. आपल्या दैनिकानेही गोराई, उत्तन, वसईच्या जुन्याजाणत्या लोकांकडे वार्ताहर पाठवून त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत छापाव्यात, ही माणसं आता ऐंशीच्या पुढे गेलीत.

आपला,
एक वाचक, बोरिवली (पश्चिम), मुंबई