गारठलेली पेटी उघडू न देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

जानेवारीत दिल्लीला वाहनांच्या सुट्या भागांच्या प्रदर्शनात आपण आमच्यासाठी जे केले, त्याबद्दल त्या दिवशीच्या धावपळीत मला धड दोन शब्दही बोलता आले नाहीत. आपले नाव कुठे छापू नये, असे आपण फोनवर बजावले आहे, म्हणून ते लिहीत नाही. मात्र निपाणी-बेळगाव भागातील जे लहान कारखानदार पुढच्या हिवाळ्यात उत्तरेकडे माल घेऊन जातील, त्यांनाही हे कळावे, यासाठी हे आभार जाहीरपणे मानत आहे.

उद्यमबागेतील आमच्या कारखान्यात बिडाचे (ओतीव लोखंडाचे) ब्रेक ड्रम आणि हब यांचे मशीनिंग होते. प्रदर्शनासाठी तीन लाकडी पेट्या आम्ही ट्रकने पाठवल्या होत्या. राष्ट्रीय महामार्ग ४८ आमच्या बेळगावावरून थेट दिल्लीला जातो, त्यामुळे दोन दिवस जादा हाताशी ठेवले की पुरे, असा माझा हिशेब होता. पण तिकडे पाऊस होऊन आभाळ मोकळे झाले आणि रात्रीच्या थंडीत असे धुके उतरले की राजस्थानातल्या कोटपुतळीच्या अलीकडे ट्रक थांबवण्यावाचून चालकाला गत्यंतर राहिले नाही. ५० मीटरच्या आतलेही दिसत नसताना त्याने गाडी रेटली नाही, याबद्दल त्याचेही आभार मानले पाहिजेत. पेट्या सभागृहात आल्या त्या उद्घाटनाच्या दिवशी पहाटे, रात्रभर उघड्यावर गारठून.

त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे फक्त रिकामा स्टॉल होता. मी मुलाला म्हणालो, "उघडूया की पटकन," आणि पहिली पेटी फोडून आम्ही आठ ड्रम टेबलावर मांडलेसुद्धा. गंज म्हणजे पावसाळा, हेच आम्हाला ठाऊक. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवा इतकी ओली असते की तयार जॉब, म्हणजे मशीनिंग झालेला भाग, रात्रभर तेलाशिवाय ठेवण्याची कोणाची छाती होत नाही. पण कोरड्या वाटणाऱ्या थंडीत लोखंडाला पाणी सुटेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. बाहेरची थंडी पोटात घेऊन आलेले ते बीड माणसांनी भरलेल्या उबदार सभागृहात येताच, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटावा तसे ओले झाले.

समोरच्या रांगेतून आपण जवळजवळ धावतच आलात. आमचे मराठी-कन्नड मिसळलेले बोलणे कानावर पडले म्हणून आपले लक्ष गेले, असे आपण नंतर सांगितलेत. पहिला शब्द मात्र "थांबा" हाच होता, आणि उरलेल्या दोन्ही पेट्यांवर आपण हात ठेवून उभे राहिलात. आतला गंजरोधक कागद फाडू नका. तो शाबूत आहे तोवर हवेतली वाफ धातूवर न बसता कागदावर बसेल, आणि माल सभागृहाइतका उबदार झाला की मगच उघडा, एवढेच आपण समजावलेत. त्यानंतर तासातासाने येऊन फळीच्या फटीतून हात घालून कागदावरूनच बीड चाचपून पाहिलेत. आपल्या मालकांचा स्टॉल सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर असताना, आणि दुपारपर्यंत तिथे गर्दी असताना, आपण हे केलेत.

ओले झालेले आठही ड्रम आपण स्वतः हातमोजे घालून कोरड्या सुती कापडाने पुसलेत आणि वर पातळ तेल चढवलेत, कारण उघड्या हाताच्या घामातले मीठही ताज्या मशीन केलेल्या पृष्ठभागावर डाग उठवते. तरी दोन ड्रमांच्या आतल्या बाजूला तांबूस ठिपके उमटलेच. मी एमरी पेपर काढला, तेव्हा आपण माझा हात धरलात. ब्रेक लायनर ज्या पृष्ठभागावर घासतो तिथे हाताने घासलेली रेघ कोणताही जाणता खरेदीदार बघताक्षणी ओळखेल आणि मग बाकीच्या सहांवरही विश्वास ठेवणार नाही, असे आपण म्हणालात. ते दोन ड्रम आम्ही बाजूला ठेवले. दुपारी एका खरेदी अधिकाऱ्यांनी ते वेगळे का, असे विचारले, तेव्हा मी घडले ते सांगितले. पुढची वीस मिनिटे ते ड्रमबद्दल कमी आणि आमच्या पॅकिंगबद्दल जास्त विचारत होते. त्यांचे ड्रॉइंग आले आहे, नमुने बनत आहेत. ऑर्डर मिळेल की नाही हे अजून ठरायचे आहे. बाकीच्या दोन पेट्या आपण सांगितल्याप्रमाणे दुपारी एक वाजता उघडल्या आणि त्यातल्या एकाही जॉबवर ओलाव्याचा थेंब नव्हता.

काका, बत्तीस वर्षे तपासणी विभागात काढून आपण जे कमावलेत, ते अनोळखी माणसाला अर्ध्या दिवसात देऊन टाकलेत, आणि निघताना फक्त कुंद्याचा एक डबा घेतलात, तोही आग्रह केल्यावर. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाने माझ्या मालासाठी गुडघ्यावर बसून पेट्या तपासाव्यात, हे मी विसरू शकत नाही.

आता आमच्या प्रत्येक पेटीवर मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तीन भाषांत लाल अक्षरांत लिहिलेले असते: "थंडीतून आत आणल्यावर लगेच उघडू नये." कन्नड मजकूर मुलाने लिहिला आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या दोन कारखान्यांनी तो मागून नेला. आपण उद्यमबागेत याल तेव्हा तो आपल्याला दाखवायचा आहे. निपाणीहून निघण्याआधी एक फोन करावा, मी स्टँडवर घ्यायला येईन.

आपला कृतज्ञ,
उद्यमबागेतील एक लघुउद्योजक
बेळगाव