कुठं लिहून आहे? मराठीच्या मॅडमना एक पत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहीत आहे. पहिल्यात लिहिलं होतं, 'तुम्ही फार चांगल्या शिक्षिका आहात, तुमचे उपकार विसरणार नाही.' पोरीनं ते वाचलं आणि बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवलं, 'कशावरून?' हा प्रश्न तिच्या तोंडी तुम्हीच बसवला आहे, तेव्हा उत्तरही तुम्हालाच देते.

तुमच्याकडे ती नववीत आली. त्याआधीची वर्षं आठवली की अजून जीव जळतो. आधीच्या शाळेत प्रश्न फळ्यावर, उत्तरंही फळ्यावर. मुलांनी उतरवायची आणि रट्टा मारायचा. सातवीत एकदा 'तुमच्या शब्दांत लिहा' या प्रश्नाचं उत्तर तिनं खरोखर स्वतःच्या शब्दांत लिहिलं. अख्ख्या उत्तरावर लाल रेघ आणि खाली शेरा, 'वहीतले उत्तर लिहावे.' मी भेटायला गेले तर म्हणाले, "ताई, मार्क पाहिजे की नाही तुम्हाला?" ट्यूशनमध्येही तेच, फक्त पैसे मोजून. आणि मॅडम, घरी मीसुद्धा तेच म्हणत होते, दिलं आहे तसं लिही बाई, कशाला डोकं चालवून राहिली. हळूहळू पोरगी धडा वाचेनाशीच झाली. उत्तर पाठ असलं तर धडा कोण वाचतो?

तो फळ्याचा दिवस तिनं मला इतक्यांदा सांगितला आहे की मला तो पाठ झाला आहे. अपठित उतारा होता. एसटीतले आजोबा आणि नातू. आजोबा वाटभर बोलत नाहीत, नातवानं काही विचारलं की नुसतं 'हं' म्हणतात. तुम्ही फळ्यावर लिहिलं, 'आजोबा तुसडे आहेत', आणि पुढं आधार म्हणून ते 'हं'. पोरीनं हात वर केला. दोन वर्षांत तिनं वर्गात हात वर केला नव्हता! म्हणाली, "मॅडम, पण सुरुवातीला आजोबांनी दुपट्ट्यानं सीट पुसली आणि मग नातवाला बसवलं, असं लिहून आहे." तुम्ही उतारा पुन्हा हातात घेतला. ती ओळ मनात वाचली, मग मोठ्यानं वाचली. डस्टर शोधत बसला नाहीत, तळहातानंच 'तुसडे' पुसलं. "ही ओळ माझ्या नजरेतून सुटली," असं साऱ्या वर्गासमोर म्हणालात आणि खडू तिच्या हातात दिलात. तिनं लिहिलं, 'अबोल, पण मायाळू'. तास संपेपर्यंत तुमचा हात पांढराच होता, हेही ती न चुकता सांगते.

एक शब्द पुसायला कितीसा वेळ लागतो? मला मात्र त्या दिवशी माझी पोरगी परत मिळाली.

तिची तीन रकान्यांची वही मी जपून ठेवली आहे. मला काय वाटतं, कोणत्या ओळीवरून, आणि त्या ओळीवरून तसंच का. तिसऱ्या रकान्यानं तिला रडवलं. ओळ उतरवली की काम झालं असं तिला वाटायचं आणि तुम्ही दरवेळी विचारायच्या, "बरं, मग?" परीक्षेच्या कृतिपत्रिकेतलं स्वमत म्हणजे मनाला येईल ते चार वाक्यांत खरडणं, असा माझाही समज होता. तुम्ही वर्गाला म्हाइंभटांची गोष्ट सांगितली होती. 13व्या शतकात आपल्या विदर्भातल्या ऋद्धपूरला बसून लीळाचरित्र हा चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ सिद्ध करताना, ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून, विचारून म्हाइंभटांनी त्या जमवल्या. मराठी गद्याची सुरुवातच अशी विचारपूस करून झाली, हे ऐकून पोरगी दोन दिवस त्याच तंद्रीत होती.

मागच्या महिन्यात पुण्याचे पाहुणे आले होते, त्यांना आपल्या नागपूरचा झिरो माईलचा दगड दाखवायला नेलं. माझे दीर म्हणाले, हा देशाचा मध्य. पोरगी दगडाजवळ गेली, वाकून वाचून आली. "काका, दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, छिंदवाडा अशी गावं आणि मैलांतली अंतरं आहेत. मध्य आहे असं कुठं लिहून आहे? दुसरीकडे असेल तर बघावं लागेल." त्या शेवटच्या वाक्यानं मला भरून आलं. काकांना खोटं पाडायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला फक्त बघायचं होतं.

'माझं चुकलं' म्हणणारी माणसं अशी कितीशी भेटतात हो? आमच्या इतवारीतल्या किराणावाल्यानं एकदा हिशेबात जास्तीचे घेतलेले वीस रुपये पोऱ्याच्या हाती घरी पाठवले होते. आठ वर्षं झाली, मी दुसऱ्या दुकानात गेले नाही. मोठ्या खुर्चीतल्या, मोठ्या पगाराच्या लोकांकडून मात्र हे दोन शब्द ऐकायला कान तरसतात. तुम्ही ते चाळीस पोरांसमोर म्हणालात, तेही एका गप्प पोरीसाठी.

थंडी पडली आहे, बाजारात सांबार (कोथिंबीर) चांगला येऊन राहिला आहे. रविवारी चारच्या सुमारास आम्ही दोघी येतो, सांबारवडी घेऊन. वड्या पोरगी लाटणार आहे, फुटल्या तर सांभाळून घ्या.

तुमची,
नववी 'ब'मधल्या मागच्या बाकावरच्या मुलीची आई
नागपूर