गंगापूर रोडच्या मेसवाल्या मावशींना

मावशी, साष्टांग नमस्कार.

तुम्ही फेसबुक बघत नाही पण तुमची लेक बघते, ती वाचून दाखवेल म्हणून इथेच लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहायचं कारण म्हणजे मेडल मिळालं की फोटोत मी असते, सर असतात, असोसिएशनची माणसं असतात, हार-बुके सगळं असतं, तुम्ही मात्र एकाही फोटोत नाही. हे मला बरेच दिवस खटकतंय.

यावेळी रोइंगच्या नॅशनलला पुण्यात, दापोडीला सीएमई या आर्मीच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधे त्यांचं रोइंग सेंटर आहे तिथे, मी पहिल्यांदा ओपन वेटच्या, म्हणजे वजनाची अट नसलेल्या, सिंगल स्कलमधे ए फायनलला, म्हणजे पहिल्या सहा जणींच्या फायनलला होते. सहा बोटींत चौथी आले. मेडल नाही, पण आधी लाइटवेटमधे, म्हणजे वजनाची अट असलेल्या गटात, मिळालेल्या मेडलपेक्षा मला हा चौथा नंबर मोठा वाटतो आणि त्यामागे तुम्ही आहात.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे रोइंग म्हटलं की लोकांना रामकुंडावरची होडीच आठवते. सिंगल स्कल म्हणजे एकटीने वल्हवायची, साधारण आठ मीटर लांब, कमरेएवढीही रुंद नसलेली बोट, नियमाने कमीत कमी १४ किलोची, दोन हातात दोन वल्ही, सीट चाकांवर पुढेमागे सरकते आणि खरा जोर पायांचा लागतो. दोन हजार मीटर. तोंड मागे असतं, त्यामुळे पुढे असलात तर सगळे दिसतात आणि मागे पडलात की कुणीच दिसत नाही. चांदवड तालुक्यात तरी आता हे समजावून सांगावं लागत नाही, कारण तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ, विहिरी खणायची कामं केलेला माणूस, आर्मीत जाऊन रोइंग शिकले, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमधे सिंगलला तेरावे आले आणि २०१८ च्या एशियाडला क्वाड्रपलमधे, म्हणजे चौघांच्या बोटीत, गोल्ड घेऊन आले. मी त्याच तालुक्यातली, त्यांचं बघूनच नाशिकला आले आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तुमच्या मेसला जेवायला लागले.

लाइटवेटचं मात्र लोकांना माहीत नसतं. मुलींसाठी नियम ५९ किलोचा, डबलला दोघींची सरासरी ५७. रेसच्या दोन तास आधी ते एक तास आधी या वेळेत काट्यावर उभं राहायचं, आणि ५९ म्हणजे ५९, शंभर ग्रॅमही जास्त चालत नाही. माझी उंची पाच फूट सात, नीट जेवलं की वजन आपोआप ६३-६४. मग रेसच्या आधी दोन-दोन दिवस पाणी मोजून प्यायचं, जॅकेटवर जॅकेट घालून धावायचं, च्युइंगम चघळून थुंकत बसायचं, आणि एवढं सगळं करून काट्यावरून उतरल्यावर तासा-दोन तासांत दोन हजार मीटर मारायचं. सगळ्याच लाइटवेट मुली करायच्या, यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटायचंच नाही.

मावशी तुम्ही तेव्हाही साथ दिलीत. मसाल्याचे पुडे भरायला घेतलेला डिजिटल काटा तुम्ही माझ्यासाठी ओट्यावर आणून ठेवला, बाजरीचा उंडा त्यावर ठेवायचा, थोडं पीठ काढायचं, परत ठेवायचा. मागे पंचवीस-तीस पोरांची पंगत ओरडतेय मावशी भाजी, मावशी भात, आणि तुम्ही माझा उंडा मोजताय. तोंडाने पुटपुटायच्या, "एवढ्याशा भाकरीवर नाव कशी ओढायची गं." पण मी सांगितलं तेवढंच वाढलंत, कारण माझं स्वप्न तुम्ही माझ्याइतकंच मनावर घेतलं होतं.

आणि मग ती दुपार. सगळे जेवून गेले होते, तुम्ही भांडी विसळत होतात, मी बरगडी दुखते म्हणून भिंतीला टेकून बसले होते. तुम्ही मागे न बघता विचारलंत, "पोरी, पाळी शेवटची कधी आली होती?" मला आठवेना. खरंच आठवेना. क्लबमधल्या एका सिनियरने सांगितलं होतं की पाळी बंद झाली म्हणजे ट्रेनिंग बरोबर लागलंय, आणि मी तेच धरून चालले होते. तुम्ही हात पुसले, साडी बदलली आणि त्याच संध्याकाळी मला गायनॅक मॅडमकडे घेऊन गेलात, तिथे बाकावर माझ्या शेजारी बसून राहिलात, रात्रीच्या स्वयंपाकाला उशीर झाला तर झाला.

मॅडमनी सांगितलं ते इथे मुद्दाम लिहितेय कारण हे वाचणाऱ्या खेळाडू मुली असतील. शरीर जेवढं खर्च करतं त्यापेक्षा कमी खाल्लं आणि ते महिनोन्महिने चाललं की शरीर एकेक काम बंद करायला लागतं. पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, सारखं आजारपण, झोप लागत नाही, आणि एवढं करून वेग वाढत नाही तो नाहीच. २०१४ मधे इंटरनॅशनल ऑलिंपिक कमिटीनेच याला रेड-एस असं नाव दिलंय, म्हणजे हे कुणा एकीचं नाजूकपण नाही. रोइंगमधे बरगडीचं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला जाणारी बारीक चीर, तसंही होतं, वल्ह्याच्या प्रत्येक स्ट्रोकला तिथे ताण येतो, त्यात हाड कमजोर असलं तर विचारायलाच नको. माझ्या बरगडीला सुरुवात झालीच होती. वेळेवर कळलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बोट क्लबवर आलात. नदीकाठी पहाटेचं धुकं, निफाडकडून येणारा तो गारठा, आणि तुम्ही शाल गुंडाळून थेट सरांसमोर. "पोरगी माझ्या हातचं जेवते, मला कळतं. आधी तिला पोटभर जेवू द्या, मग काय करून घ्यायचं ते घ्या." मला वाटलं आता सर चिडणार. सरांनी रिपोर्ट मागून घेतले, शांतपणे वाचले, मला दोन महिने बोटीतून बाहेर काढलं आणि म्हणाले परत येशील ती ओपनमधे. सरांचेही आभार मानायलाच हवेत, सगळे कोच असं ऐकून घेत नाहीत. पुढे तर ऑलिंपिकमधून लाइटवेट गेलंच, १९९६ च्या अटलांटापासून होतं, २०२४ चं पॅरिस शेवटचं, २०२८ ला लॉस एंजेलिसला नवीन काय तर समुद्रावरचं बीच स्प्रिंट. ज्या वजनासाठी जीव काढत होते ती कॅटेगरीच ऑलिंपिकमधे राहिली नाही.

ओपनमधे येणं म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोच्या मुलींसमोर उभं राहणं, आणि त्यासाठी जे खावं लागतं ते सगळं तुम्ही केलंत. पहाटे पाण्यात उतरायच्या आधी केळं आणि शेंगदाणे-गुळाचा लाडू, सकाळचं सेशन झालं की पोहे, जेवणात डाळ-भात, उसळ, नागलीची भाकरी, तूप, संध्याकाळी एर्ग, म्हणजे जमिनीवरचं रोइंगचं मशीन, झाला की परत एक ताट. डाएटिशियनने अंडी लिहून दिली तेव्हा मी तुम्हाला सांगितलंच नाही, तुमच्या सासूबाई माळकरी, घरात अंडं चढत नाही हे माहीत होतं. पण तो कागद तुम्ही माझ्या वहीत बघितलात. आठवड्याभरात मागच्या अंगणात पत्र्याखाली वेगळी शेगडी, वेगळी कढई, आणि आजींना तुम्ही स्वतः समजावलंत. नंतर आजीच विचारायला लागल्या, तिची अंडी झाली का म्हणून.

कांद्याचे भाव पडले त्या वर्षी दादांचे पैसे वेळेवर यायचे नाहीत. तुम्ही एकदाही मेसच्या वहीचा विषय काढला नाहीत, आणि पोरांसमोर तर कधीच नाही. धरणातून पाणी सोडल्यावर गोदावरीला पूर असायचा, सराव नुसता एर्गवर, सगळ्या मुली घरी जायच्या, मेस बंद, आणि तुम्ही माझ्या एकटीसाठी दोन वेळचं करायच्या.

आता रेसचं सांगते, फोनवर नीट सांगता आलं नाही. दोन हजारमधे तिसरं पाचशे सगळ्यात वाईट. सुरुवातीचा जोश संपलेला असतो, शेवट अजून लांब असतो, मांड्या पेटलेल्या. लाइटवेटच्या दिवसांत तिथे माझ्या अंगात काही उरायचंच नाही, स्ट्रोक लांब राहायचा नाही, मी नुसती रेट, म्हणजे मिनिटाला किती स्ट्रोक ते, वाढवत बसायचे आणि बोट जागच्या जागी हलायची. यावेळी मी तिथे सहावी होते. पाय दाबले आणि पायात होतं काहीतरी. रेट तीसवरच ठेवला, प्रत्येक स्ट्रोकला बोट पुढे सरकताना कळत होतं, डावीकडच्या लेनमधली मुलगी हळूहळू माझ्या नजरेसमोर आली, मग अजून एक. शेवटच्या अडीचशेत तिसरीच्या शेपटाला होते. नाही गाठता आलं. पण बाहेर आल्यावर मी उभी होते मावशी, आधी मला धरून उचलायला लागायचं.

पाळी आता वेळेवर येते. बरगडी दुखत नाही. एर्गवरचा टाइम माझ्या लाइटवेटच्या बेस्टपेक्षा बराच खाली आलाय, आणि सर म्हणतात कॅम्पचं बोलावणं येऊ शकतं. आलं तर जेवण तिकडचं असेल, म्हणून लाडवाचं प्रमाण ताईकडून लिहून पाठवा, दाणे किती भाजायचे तेही.

अजून एक. यंदा ज्युनियरला दोन नवीन मुली आल्यात, एक सिन्नरची आणि एक पेठची, दोघी तुमच्याकडेच लागणार आहेत. बारीक आहेत, लाजतात, मागून घेणार नाहीत. मला विचारलंत तसं त्यांनाही विचारा.

गणपतीत येतेय, मोदक वळायला मला घ्या.

तुमची,
रोइंगवाली